वाटीचे ग्रॅम करताना
वाटीचे माप ग्रॅममध्ये बदलताना सर्व जिन्नसांना एकच आकडा लावू नये, कारण २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम मावते, साखर सुमारे २०० ग्रॅम, तर मैदा, तोही चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केलेला, अवघा १२० ते १२५ ग्रॅम. तोच मैदा डब्यात कप खुपसून भरला, तर वजन १४०-१५० ग्रॅमपर्यंत सहज जाते आणि केक कोरडा होतो. घरातल्या दोन वाट्या क्वचितच सारख्या असतात (आमच्याकडे तर नाहीतच), म्हणून रिकामी वाटी ठेवून वजनकाटा शून्यावर आणावा व ती पाण्याने काठोकाठ भरावी. जितके ग्रॅम, साधारण तितके मिलिलिटर. तेलाला मात्र हा हिशेब लावू नये, ते पाण्याहून हलके असते.