ऑर्लँडोची तिकिटं: सहाही जणांना सारखीच कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही न्यू जर्सीत राहता, आई-बाबा सांगलीहून आलेत, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ वर्षांचा आणि ३९ इंच उंच. ऑर्लँडोला सहा रात्री जायचंय, जूनअखेर की ऑगस्टअखेर ते ठरलेलं नाही. एजंटने सहाही जणांसाठी डिस्नेचं पाच दिवसांचं पार्क हॉपर (एका दिवशी अनेक पार्कांत फिरता येणारं महाग तिकीट) आणि वर युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीच्या पार्कांचे दोन दिवस सांगितलेत, आणि एकूण आकडा बघून तुम्हाला धडकी भरलीय.

धडकी भरणारच. सहा रात्रींत सात दिवसांची तिकिटं म्हणजे विमानातून उतरलात त्या दिवशी पार्क आणि परतीच्या दिवशीही पार्क. पासष्टीच्या माणसांना आणि चार वर्षांच्या पोराला घेऊन हे व्हायचं नाही.

एजंटच्या हिशेबात खरी चूक वेगळीच आहे. एका कुटुंबातल्या सगळ्यांनी एकच तिकीट घ्यावं असा डिस्नेचा नियम नाही. आजोबांचं दोन दिवसांचं, तुमचं चार दिवसांचं, असं चालतं. ॲपमध्ये सगळी तिकिटं एकाच गटात जोडता येतात. त्यामुळे प्रत्येक माणूस किती दिवस पार्कात खरोखर टिकेल ते आधी ठरवा, मग तिकिटाकडे वळा.

दर कसा लागतो ते आधी बघा. एका दिवसाचं तिकीट पार्कनुसार आणि तारखेनुसार बदलतं. २०२५ मध्ये मोठ्यांसाठी ते ११९ ते १९९ डॉलर होतं. डिस्नेची इथे चार पार्कं: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम. त्यांत ॲनिमल किंगडम सगळ्यांत स्वस्त, मॅजिक किंगडम सगळ्यांत महाग, नाताळात तर कळसच. त्यावर साडेसहा टक्के कर वेगळा, तो जाहिरातीतल्या आकड्यात नसतो. दोन किंवा जास्त दिवसांचं तिकीट घेतलंत की कोणत्या दिवशी कोणतं पार्क याने दर बदलत नाही, फक्त सुरुवातीच्या तारखेने बदलतो. आणि दिवस वाढतील तसा दर दिवसाचा भाव उतरतो. पहिले तीन-चार दिवस भारी पडतात, पाचवा-सहावा त्यामानाने अगदी थोडक्यात मिळतो.

याचा अर्थ पाचाचे चार दिवस केले तर फार वाचत नाही. बहुतेक तारखांना पाचव्या दिवसाच्या वाढीव रकमेपेक्षा हॉपरची वाढीव रक्कम जास्त असते. म्हणजे पैसे वाचवायचे असतील तर कात्री लावायचा क्रम असा: आधी सहाही जणांचं हॉपर, मग आई-बाबांचे जादा दिवस, आणि अगदी शेवटी तुमचा पाचवा दिवस. वेबसाइटवर तीन, चार, पाच दिवस असं ओळीने निवडून दर वेळी एकूण रक्कम लिहून घ्या आणि वजाबाकी करा. हॉपरसह आणि हॉपरशिवाय दोन्ही लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्यात सगळं चित्र उघडं पडतं.

हॉपर म्हणजे एकाच दिवशी चारपैकी कितीही पार्कांत जायची मुभा. चार पार्कं एकमेकांना लागून नाहीत. एकातून बाहेर पडून बसने दुसऱ्यात पोचेपर्यंत पाऊण-एक तास सहज जातो, आणि ढकलगाडीत झोपलेलं पोर असेल तर त्याला उठवून गाडीची घडी घालणं आलंच. दोघंच जाणार असाल किंवा फक्त दोन दिवसांत चारही पार्कं उरकायची असतील तर हॉपरला अर्थ आहे. तुमच्या घरात नाही. एक लक्षात असू द्या: त्याच पार्कातून दुपारी बाहेर पडून, खोलीवर झोप काढून संध्याकाळी परत जायला हॉपर लागत नाही. साध्या तिकिटावर त्याच दिवशी त्याच पार्कात पुन्हा सोडतात.

आता माणसागणिक. आई-बाबांना दोन दिवसांचं तिकीट घ्या. ते सुरुवातीच्या तारखेपासून चार दिवसांत कधीही वापरता येतं, म्हणजे एक दिवस पार्क, एक-दोन दिवस आराम, मग दुसरं पार्क. माझ्या मते त्यांच्यासाठी मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम. मॅजिक किंगडममध्ये मिरवणूक, रात्रीची आतषबाजी आणि नातवंडांचे चेहरे, हे सगळं पाळण्यात न बसता मिळतं. ॲनिमल किंगडममध्ये उघड्या ट्रकमधून जिराफ, हत्ती, सिंह बघायची सफारी आहे, ती सकाळी पहिल्या तासात करा. उन्हं चढली की जनावरं सावलीला जातात. तिथल्या आशिया विभागात ‘आनंदापूर’ नावाचं काल्पनिक गाव उभारलंय, त्यातल्या पाट्या आणि देवळं बघून बाबांची करमणूक होईल. हे पार्क लवकर बंद होतं, ते ज्येष्ठांच्या सोयीचंच.

एपकॉट त्यांना आवडेल असं बरेच जण सांगतात. तलावाभोवती अकरा देशांची दालनं आहेत, पण तो फेरा दोन किलोमीटरच्या आसपास आहे आणि वाटेत सावली बेताची. बाबा रोज सांगलीच्या आमराईत चार फेऱ्या मारणारे असतील तर खुशाल न्या.

तुम्हा चौघांना चार दिवसांचं, हॉपरशिवाय. हे सात दिवसांच्या आत वापरायचं असतं, म्हणजे मध्ये तीन दिवस सुट्टी बसते. इथे हमखास घोळ होतो: हे सात दिवस तुम्ही पहिल्यांदा गेटवर जाता तेव्हापासून मोजत नाहीत, खरेदी करताना निवडलेल्या तारखेपासून मोजतात. विमान एक दिवस उशिरा आलं तर मुदत आपोआप पुढे सरकत नाही. तिकीट अजिबात वापरलेलं नसेल तर तारीख ॲपमध्ये बदलता येते, फरकाचे पैसे भरून. अर्धवट वापरलेल्या तिकिटाचे उरलेले दिवस मुदत संपली की गेले, त्याचे पैसे मिळत नाहीत.

मुलांचं तिकीट ३ ते ९ वर्षांसाठी असतं, तीनच्या आतल्यांना फुकट. दहावा वाढदिवस झाला की मोठ्यांचं. मुलीला लवकरच दहा वर्षं पूर्ण होणार असतील तर तेवढ्यासाठी तारखा ओढू नका. मोठ्यांच्या आणि मुलांच्या दरात फरक थोडकाच आहे, भारतासारखं अर्धं तिकीट इथे नसतं.

मुलाच्या ३९ इंचांचा मात्र तिकिटाशी जवळचा संबंध आहे. ३८ इंचांची अट असलेल्या सात बुटक्यांच्या खाणगाडीत आणि स्लिंकी डॉगमध्ये तो बसेल. टॉवर ऑफ टेरर आणि टेस्ट ट्रॅकला ४० लागतात, स्पेस माउंटन आणि एव्हरेस्टला ४४, ट्रॉनला ४८. बूट घालून मोजतात, पण जाड तळव्याच्या बुटांनी एक इंच वाढवायचा खटाटोप करू नका, दाराशी रडारड होते. त्याऐवजी रायडर स्विच वापरा. ही सोय फुकट आहे. रांगेच्या तोंडाशी सेवकाला सांगायचं, एका पालकाने मुलीबरोबर बसून यायचं, तोवर दुसऱ्याने मुलाला सांभाळायचं, मग दुसऱ्या पालकाला लांब रांग न लावता जलद रांगेतून सोडतात. मुलीला या दुसऱ्या पालकाबरोबर पुन्हा बसता येतं, त्यामुळे ती खूश. आजी-आजोबा मुलाजवळ असतील त्या दिवशी तर तुम्ही तिघं एकदमच जाऊ शकता.

लाइटनिंग लेन, म्हणजे पैसे देऊन ठरलेल्या वेळी मिळणारी जलद रांग, हा तिकिटाबाहेरचा खर्च आहे आणि बजेट इथेच फाटतं. मल्टी पास माणशी, दिवसाला, पार्कनुसार वेगळ्या दराने मिळतो. शिवाय काही मोजक्या राइड्ससाठी स्वतंत्र सिंगल पास लागतो, जसं अवतारची फ्लाइट ऑफ पॅसेज. हेही सगळ्यांना घ्यायची सक्ती नाही. मॅजिक किंगडम आणि हॉलीवूड स्टुडिओज या दोन दिवशी, फक्त राइड्समध्ये बसणाऱ्यांसाठी घ्या. ॲनिमल किंगडमला पैसे घालू नका, तिथे गेट उघडायच्या पाऊण तास आधी पोचलात तरी काम होतं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना वेळा सात दिवस आधी निवडता येतात, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी, सकाळी ७ वाजता. त्याआधी तिकीट विकत घेऊन ॲपमध्ये जोडलेलं हवं. ‘तिथे गेल्यावर घेऊ’ म्हणणाऱ्यांच्या हाती रात्री नऊच्या वेळा येतात.

हॉटेलचं गणित याच्याशी जोडलेलं आहे. डिस्नेच्या हॉटेलात पार्किंग फुकट आणि रोज अर्धा तास लवकर प्रवेश. बाहेर राहिलात तर पार्किंगला दिवसाला ३० डॉलरच्या आसपास धरा, चार दिवसांचे सव्वाशे. पण डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांतल्या साध्या खोलीत चारच जण मावतात, सहांना दोन खोल्या किंवा महागडा सूट लागतो. डिस्नेजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघर असलेलं दोन-तीन बेडरूमचं घर घेतलं तर हे सव्वाशे कधीच भरून निघतात, आणि आईला सकाळचा चहा तिच्या हातचा मिळतो.

तारखेबद्दल: ऑगस्टचा शेवटचा आठवडा घ्या. फ्लोरिडातल्या शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात, तुमच्या न्यू जर्सीतल्या बहुतेक लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार). त्या मधल्या फटीत गर्दीही कमी आणि तिकिटाचा दरही उतरलेला असतो. ऊन दोन्हीकडे सारखंच भाजणारं. दुपारचा गडगडाटी पाऊसही दोन्हीकडे, विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि त्याचे पैसे परत नसतात, म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी उरका. वादळांचा मोसम असतो, तेव्हा विमान आणि घर रद्द करता येण्याजोगं घ्या.

ऑगस्टमध्ये एक गोम आहे. मध्यापासून काही रात्री मॅजिक किंगडममध्ये हॅलोवीनची वेगळी तिकिटाची पार्टी असते, आणि त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना संध्याकाळी ६ वाजता बाहेर काढतात. आतषबाजी हुकते. पार्कच्या वेळापत्रकात बंद व्हायची वेळ ६ दिसली की समजा पार्टी आहे. आई-बाबांचा दिवस त्या तारखेला ठेवू नका. तुम्हा चौघांना राइड्सच करायच्या असतील तर मात्र तोच दिवस उत्तम, कारण आतषबाजीसाठी येणारी गर्दी त्या दिवशी टळते.

युनिव्हर्सल सगळ्यांसाठी घेऊ नका. चार वर्षांच्या मुलाला तिथे बसता येईल असं कमी आहे आणि आई-बाबांना तर पडद्यांवर गरागरा फिरवणाऱ्या राइड्सनी चक्कर येईल. मुलीला हॅरी पॉटरचं वेड असेल तर तुमच्यापैकी एकाने तिला एक दिवस न्यावं, बाकीच्यांनी तो दिवस तरण तलावावर काढावा. पण त्या एका दिवसाला दोन पार्कांचं तिकीट घ्या. हॉगवर्ट्स एक्सप्रेसचं एक स्टेशन एका पार्कात आणि दुसरं दुसऱ्यात आहे, एका पार्कच्या तिकिटावर गाडीत चढू देत नाहीत. डिस्नेत हॉपर नको म्हणणारा मी इथे उलटं सांगतोय, कारण इथली दोन्ही पार्कं चालत पाच-दहा मिनिटांवर आहेत. मे २०२५ मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स मात्र वेगळ्या जागी आहे, ते यात येत नाही.

खरेदी डिस्नेच्या साइटवर करा किंवा अधिकृत विक्रेत्याकडून. अधिकृत सवलत तिकिटामागे थोड्या डॉलरांचीच असते. तुमच्या कंपनीच्या कर्मचारी सवलतीच्या पोर्टलवर एकदा बघा. अर्ध्या किमतीत तिकीट म्हणणारा एकतर कुणाचं तरी अर्धवट वापरलेलं तिकीट विकतोय किंवा टाइमशेअरच्या (सुट्टीच्या घरात वाटा विकणाऱ्या योजनेच्या) दोन तासांच्या व्याख्यानाला बसवणार आहे. वापरलेलं तिकीट पहिल्या माणसाच्या बोटाच्या ठशाशी जोडलेलं असतं, गेटवर ते चालत नाही. फ्लोरिडा रहिवाशांच्या सवलतीसाठी तिथल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं, तिकडच्या भाच्याच्या नावावर घेऊन उपयोग नाही.

आणि खाणं. डिस्नेत घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू नको. थंड पिशवीत सुटा बर्फ चालत नाही, गोठवलेले जेल पॅक चालतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग खुशाल न्या. झटपट खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, चार डॉलरची बाटली घेऊ नका. युनिव्हर्सलमध्ये नियम जरा कडक आहे, तिथे किरकोळ खाऊ चालतो, डबे भरून जेवण नाही.