तापलेलं काँक्रीट आणि वाळून जाणारं रसायन : वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न वेगवेगळ्या गावांहून आले असले, तरी अडचण एकच आहे. उन्हाळ्यात काँक्रीट साफ करताना टाकलेलं रसायन काम करण्याआधीच सुकून जातं.

प्रश्न : सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये ऑइलचे डाग आहेत आणि कडेला बांधकामाच्या वेळी सांडलेल्या सिमेंटचे थर आहेत. तेल काढायचं लिक्विड टाकलं की दोन-तीन मिनिटांत वाळतं. ॲसिडचंही तेच. दुकानदार म्हणाले, पाणी कमी घाला, कडक वापरा. तसं केलं तर पांढरे पट्टे उठले. काय चुकतंय? (जळगाव)

कडक वापरण्याचा सल्ला आधी बाजूला ठेवा. उन्हाळ्यात रसायन नेहमीपेक्षा पातळ हवं. तापमान वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. ढोबळ हिशेब असा की दर 10 अंशांना तो दुपटीच्या आसपास जातो. म्हणजे तापलेल्या जमिनीवर पातळ ॲसिडही पुरेसं जोरात चावतं. त्यात पाणी कमी केलं की ते डागाबरोबर काँक्रीटही खातं, आणि सुकायला लागणारी वेळ आणखी घटते.

सुकण्याची कारणं दोन आहेत. एक, वाफ. हवा 43 अंशांवर असेल तेव्हा उन्हातलं काँक्रीट 55 ते 60 अंशांपर्यंत सहज जातं, आणि खानदेश-विदर्भातली एप्रिल-मेची दुपार कोरडी असते. दुसरं कारण दिसत नाही म्हणून लोक विसरतात : काँक्रीट सच्छिद्र असतं. कोरडं काँक्रीट पातळ रसायन टीपकागदासारखं आत ओढतं. तुम्हाला वाटतं ते उडून गेलं. खरं तर बरंचसं खाली गेलेलं असतं, आणि तिथून ते धुऊन काढणं कठीण.

म्हणून रसायनाची बाटली उघडण्याआधी जमीन थंड करायची आणि तिची तहान भागवायची. जमीन किती थंड होते, याचा हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेचा वरचा 5 सेंटिमीटरचा थर धरला तर साधारण 120 किलो काँक्रीट होतं. ते 10 अंशांनी उतरवायला सुमारे 1,080 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण 2,400 किलोज्यूल ओढून घेतले जातात. म्हणजे चौरस मीटरमागे अर्ध्या लिटरच्या आसपास पाण्याची नुसती वाफ झाली, तरी तेवढं काम होतं. पण हे पाणी एकदम ओतू नका. पहिला हात मारा, दहा मिनिटं जाऊ द्या, दुसरा, पुन्हा दहा मिनिटं, मग तिसरा. पहिल्या हाताचं पाणी बहुतेक उडून जाईल, तेच हवं आहे. तिसऱ्यानंतर जमीन गडद ओली दिसली पाहिजे, पण डबकं कुठेच नको. साचलेलं पाणी वायपरने ओढून टाका, नाहीतर तिथलं रसायन पातळ होऊन डाग अर्धवट राहतील.

तयारी झाली की नाही ते असं पाहा : एक चौरस फूट जागेवर कपभर पाणी पसरा. चकाकी मिनिटाभरात गेली तर जमीन तयार नाही. पाच मिनिटं टिकली तर कामाला लागा.

वेळ पहाटेची घ्या. सहा ते साडेआठ सगळ्यात उत्तम. संध्याकाळ तितकी चांगली नाही, कारण दिवसभर तापलेला जाड थर सूर्य मावळल्यावरही दोन-तीन तास उष्णता बाहेर टाकत असतो. सकाळी ऊन लवकर येत असेल तर चार बांबू रोवून शेतातली 75 टक्के सावलीची शेडनेट ताणा. ती आदल्या दिवशी दुपारपासून लावली तर फरक जास्त पडतो. वारा वाहत असेल तर त्या बाजूला नेट खालपर्यंत सोडा. वारा उन्हाइतकाच सुकवतो.

आता प्रत्यक्ष काम. एका वेळी 5 बाय 5 फुटांपेक्षा मोठा तुकडा हाती घेऊ नका. दोघं जण हवेत : एकाने ब्रश मारायचा, दुसऱ्याने पाणी घेऊन उभं राहायचं. तेलासाठीच्या अल्कली लिक्विडला 10 ते 15 मिनिटं ओलं राहावं लागतं, तेव्हा मध्ये दोनदा तरी वरून त्याच लिक्विडचा पातळ हात किंवा पाण्याचा हलका फवारा द्या. त्यावर प्लास्टिक कागद अंथरला तर आणखी चांगलं. गोणपाट मात्र टाळा. ओल्या तागाचा तपकिरी रंग काँक्रीटवर उतरतो. डाग काढून जागा धुऊन झाल्यावरच ॲसिडकडे वळा, दोन्ही एकत्र कधीच नको.

सिमेंटच्या थरांसाठी बाजारातलं साधारण 30 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड घेतलं असेल, तर उन्हाळ्यात 10 लिटर पाण्यात 500 मिलि इतकंच. आधी बादलीत पाणी, मग ॲसिड. उलटं केलं तर उसळून अंगावर येतं. प्लास्टिकच्या झारीने ओता. फवारणीचा पंप नको : बारीक तुषार श्वासात जातात आणि पंपाचे पितळी भाग खाल्ले जातात. फेस येईल, तो थांबला की ॲसिडचं काम संपलं, साधारण तीन ते पाच मिनिटांत. लगेच ब्रश मारा आणि धुवा. फेस थांबल्यावर ॲसिड तसंच ठेवून काहीही मिळत नाही. थर उरला असेल तर पुन्हा त्याच प्रमाणात दुसरा हात द्या.

गाड्या आधी हलवा; ॲसिडच्या वाफेने लोखंड गंजतं आणि उन्हात वाफ जास्त निघते. रबरी हातमोजे, गॉगल, गमबूट लागतीलच. अंगावर उडालं तर 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. आणि शेजारी शहाबादी, कोटा किंवा कडप्पा फरशी असेल, तर तिच्यावर ॲसिडचा ओघळ जाऊ देऊ नका. तिन्ही चुनखडीचे दगड आहेत, एका ओघळात चकाकी जाते. मोझॅक टाइल्सचंही तसंच, त्यात संगमरवराचे तुकडे असतात.

प्रश्न : रसायन लवकर वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन किंवा साबण मिसळला तर चालेल का? आमच्याकडे एक मिस्त्री डिझेल घालतात. (सोलापूर)

डिझेल नको, कोणत्याही कारणाने नको. ते सुकत नाही हे खरं, पण डाग पातळ करून खोल नेतं, आणि भर उन्हात आगीचा धोका.

घट्टपणा आणायचा असेल तर झँथन गम चांगला. केक-बिस्किटांचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. लिटरला 3 ते 5 ग्रॅम पुरतो. थेट पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात. आधी 20-30 मिलि ग्लिसरीनमध्ये कालवा, मग ढवळत पाण्यात सोडा, दहा मिनिटांत जेली धरते, आणि शेवटी रसायन मिसळा. जेली आत कमी शोषली जाते, उतारावरून वाहत नाही, आणि ओलावा जास्त वेळ धरते. सल्फॅमिक, सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिडबरोबर हे चालतं, मात्र त्या दिवशीचं त्याच दिवशी वापरा. ब्लीचमध्ये गम घालू नका आणि ग्लिसरीन तर मुळीच नको. ब्लीच दोघांवरही क्रिया करतं.

साबणाने सुकणं थांबत नाही. त्याने द्रव पसरतो, म्हणजे थर आणखी पातळ होतो.

लोणा, म्हणजे ओलीबरोबर काँक्रीटच्या आतून वर येणारे पांढरे क्षार, काढायचा असेल तर हायड्रोक्लोरिकऐवजी सल्फॅमिक ॲसिडची पूड घ्यायला आम्ही सांगू : लिटरला 50 ग्रॅम. वाफ जवळजवळ नाही, आणि त्यातून तयार होणारं कॅल्शियमचं मीठ पाण्यात विरघळतं, त्यामुळे चुकून थोडं सुकलं तरी पुन्हा भिजवून धुता येतं.

प्रश्न : ॲसिड वाळून गेलं आणि पांढरे डाग पडले. आता काय? (अकोला)

कोरडं घासू नका. ती पूड डोळ्यांत आणि नाकात जाते. भरपूर पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग 10 लिटर पाण्यात 300 ते 500 ग्रॅम खायचा सोडा विरघळवून पसरा, ब्रश मारा, वायपरने ओढून टाका, आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. सोडा राहिला तर त्याचाही पांढरा थर बसतो. शेवटच्या धुण्याचं पाणी पीएच पट्टीने (आम्लता दाखवणाऱ्या कागदी पट्टीने) तपासा आणि नळाच्या पाण्याशी ताडून पाहा. त्यापेक्षा आंबट दिसलं तर आत ॲसिड आहे. सोड्याचा हात पुन्हा द्या.

हे टाळून चालणार नाही. वाळलेल्या ॲसिडातून कॅल्शियम क्लोराइड उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं. आज पांढरी दिसणारी जागा जुलैत कायम ओलसर, काळपट दिसेल. त्यातला क्लोराइड खाली सळईपर्यंत पोचला तर ती गंजायला लागते. पातळ स्लॅबवर आणि बाल्कनीत याची जास्त काळजी घ्या.

एवढं करूनही दुधाळ पापुद्रा राहिला, तर तो बहुधा सिमेंटमधून सुटलेल्या सिलिकाचा आहे. तो आणखी ॲसिडने जात नाही. फरशी पॉलिश करणाऱ्याकडून हलका पॅड फिरवून घ्या.

तेलाचं लिक्विड वाळून चिकट झालं असेल तर उपाय सोपा : तेच लिक्विड पातळ करून पुन्हा लावा, पाच मिनिटांत जुना थर सैल होतो, मग धुवा.

प्रश्न : तुम्ही तीनदा भिजवायला सांगता, पण आमच्याकडे टँकरचं पाणी आहे. (लातूर)

100 चौरस फुटांसाठी आमचा अंदाज असा : भिजवायला 15, 10 आणि 5 मिळून 30 लिटर, धुवायला 40 ते 50. पहाटे काम केलं आणि आदल्या दिवशी सावली केली, तर भिजवण्याचं पाणी निम्म्यावर येतं. धुताना पाणी ओतत राहण्यापेक्षा थोडं टाका, वायपरने ओढा, पुन्हा थोडं टाका. तीन छोट्या धुण्यांनी एका मोठ्या धुण्यापेक्षा जास्त रसायन निघतं. भिजवण्यासाठी कपडे विसळलेलं शेवटचं पाणी चालेल. बोअरचं जड पाणी शेवटच्या हाताला नको. ते वाळताना स्वतःचेच पांढरे डाग सोडतं. एवढं पाणी नसेल, तर फक्त डागांपुरतं काम करा आणि बाकीचं पावसाळ्यानंतर.

प्रश्न : पावसाआधी गच्चीवरचं काळं शेवाळ ब्लीचने काढायचं आहे. (चिपळूण)

कोकणात हवा दमट, त्यामुळे वाफ कमी. पण ऊन आणि उष्णता ब्लीचला फुकट घालवतात. ताजं आणा, पांढऱ्या पारदर्शक बाटलीतलं उन्हात ठेवलेलं घेऊ नका. घरगुती 4-5 टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीचला तीन भाग पाणी, गच्ची ओली करून सकाळी टाका, 10-15 मिनिटं ओलं ठेवा, घासा, धुवा. त्याच दिवशी ॲसिड तिथे आणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो.

प्रश्न : ग्रिलच्या गंजाचे डाग काँक्रीटवर उतरलेत. लेप लावला तर तासाभरात वाळून तडकतो. (नागपूर)

लेप वाळायलाच हवा, पण सावकाश. पाणी वर येताना सुटलेला डाग सोबत आणतं आणि लेपात सोडतं. तासाभरात वाळला तर लेपातल्या ऑक्झॅलिक ॲसिडला डाग सोडवायलाच वेळ मिळत नाही.

लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा. ते विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका, मुलांपासून दूर ठेवा. त्यात शंखजिऱ्याची (टाल्कची) पूड घालून श्रीखंडाइतकं दाट करा. खडूची पूड किंवा रांगोळी नको, ती ॲसिडमध्ये फसफसून त्याचा जोर संपवते. जागा ओली करा, पाव इंच जाड लेप डागाच्या बाहेर दोन इंचांपर्यंत द्या, वर प्लास्टिक कागद घालून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, आणि त्यावर पुठ्ठा किंवा पांढरं कापड टाका, म्हणजे कागदाखाली भट्टी होणार नाही. 12 ते 24 तासांनी कागद काढा, लेप सावलीत वाळू द्या, लाकडी पट्टीने खरवडून काढा आणि धुवा. जुना डाग दोन-तीन लेप घेतो. ग्रिलला आधी रंग लावा, नाहीतर पहिल्या पावसात डाग परत येईल.

प्रश्न : नव्या काँक्रीटवरचे सिमेंटचे शिंतोडे किती दिवसांनी ॲसिडने काढावेत? (चंद्रपूर)

28 दिवस थांबा. काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार (आयएस 456 : 2000) उष्ण-कोरड्या हवेत काँक्रीट किमान 10 दिवस सतत ओलं ठेवायचं असतं, पीपीसीसारखं (पोर्टलंड पोझोलाना) मिश्र सिमेंट असेल तर 14 दिवसांची शिफारस आहे. ते पाणी आधी नीट मारा. शिंतोडे ताजे असतील तर ॲसिड लागतच नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओल्या जाड कापडाने आणि लाकडी पट्टीने ते निघतात.