१:३२ प्रमाणातल्या स्पिटफायर मार्क ९ या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीवर रंगाचे टवके कुठे आणि किती दाखवावेत?

या प्रमाणात पंखांचा विस्तार सुमारे ३५ सेंटिमीटर भरत असल्याने प्रत्येक टवका नजरेत येतो, म्हणून हात आखडताच ठेवावा. वैमानिक डाव्या बाजूच्या छोट्या दारातून आत चढत असे आणि तंत्रज्ञांचाही वावर पंखांच्या मुळाशी असे, त्यामुळे झीज मुख्यतः तिथेच एकवटलेली दाखवावी. त्यासाठी आधी ॲल्युमिनियमचा रंग, त्यावर हेअरस्प्रे आणि मग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग देऊन, तो पुरता कडक होण्याआधी ओल्या, ताठ ब्रशने हलकेच खरवडावा. शेपटीचा रडर, म्हणजे विमानाचे तोंड डावी-उजवीकडे वळवणारा उभा हलता भाग, मात्र कापडाने मढवलेला होता. तिथे चंदेरी टवके काढणे ही माझ्या मते सर्वांत खटकणारी चूक आहे. एक्झॉस्टमागची (इंजिनाचा धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांमागची) काजळी अतिशय पातळ रंगाच्या अनेक थरांनी उठवावी.