एसटीपी असूनही नदी काळी का?

पुण्यात खराडीला मैलापाणी शुद्ध करणारा प्लांट (एसटीपी) आहे, तरी मुळा-मुठेच्या पुलावरून जाताना नाक दाबावं लागतं, मग हा प्लांट करतो तरी काय, असं तुम्ही विचारलंय. एका प्लांटच्या लॅबमध्ये माझी अकरा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एसटीपीतून पिण्यालायक पाणी निघत नाही, तशी अपेक्षाही नसते. मैलापाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना ऑक्सिजन ओढतात. ही पंगत कुठेतरी बसणारच. नदीत बसली तर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, तळाशी हवेविना कुजणं सुरू होतं आणि पाणी काळं पडून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. प्लांट ती पंगत नदीच्या अलीकडे, टाकीत उरकून घेतो. हवा ब्लोअरने आपण पुरवायची. विजेच्या बिलात सगळ्यात मोठा वाटा त्याचाच. घरगुती मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण 200 मिलिग्रॅम धरा. प्लांट नीट चालला तर बाहेर पडताना तो 10-20 वर येतो.

लॅबमधलं सकाळचं पहिलं काम म्हणजे एरेशन टाकीतलं, म्हणजे हवा देतात त्या टाकीतलं, पाणी लिटरच्या सिलेंडरमध्ये भरून अर्धा तास हलवायचं नाही. चॉकलेटी गाळ पुंजक्यांनी खाली बसला आणि वर नितळ पाणी राहिलं, की दिवस बरा जाणार. त्या गाळाला ओल्या मातीसारखा वास येतो. नव्या माणसाला हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. मायक्रोस्कोपखाली देठावर डोलणाऱ्या घंटा, म्हणजे व्होर्टिसेला नावाचे एकपेशीय जीव, दिसल्या की चहा गोड लागायचा. एकदा रात्रीतून कुणीतरी चेंबरमध्ये टँकर रिकामा केला. कशाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सकाळी घंटा गायब, गाळ वर तरंगतोय. टाकी पुन्हा रुळावर यायला तीन आठवडे गेले, आणि तेवढ्या दिवसांत नदीत जे गेलं ते गेलंच.

आता नदी काळी का, ते. जे पाणी प्लांटपर्यंत पोचतच नाही, त्याचं प्लांट काय करणार? कुठे ड्रेनेज लाइन नाही, कुठे ती थेट नाल्यात सोडलेली, कुठे वीज गेली की पंपिंग स्टेशनवरून ओव्हरफ्लो. शहर वाढलं त्या वेगाने प्लांट वाढले नाहीत. 2016 मध्ये मंजूर झालेल्या, जपानी कर्जाच्या जायका प्रकल्पात एकूण 396 एमएलडीचे (एमएलडी म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर) 11 प्लांट धरले होते, यावरून तूट किती होती ते बघा. त्यात नदीचं स्वतःचं पाणी खडकवासल्याच्या धरणसाखळीत अडवलेलं. उन्हाळ्यात मुळा आणि मुठेच्या संगमाखाली जे वाहतं त्यात मूळ नदी किती, हा प्रश्नच आहे. पातळ करायला पाणी नसलं की चांगलं शुद्ध केलेलं पाणीही जड जातं. शिवाय साध्या पद्धतीच्या प्लांटमधून नायट्रोजन आणि फॉस्फरस पूर्ण निघत नाहीत. जलपर्णी त्यावरच पोसते.

खाली कोण आहे? मांजरी, थेऊर, मग भीमा, मग उजनी. सोलापूरला तिथून पाणी जातं. उजनीतून सुटलेलं पुढे पंढरपुरात चंद्रभागा होतं. आपल्या बेसिनमधलं पाणी वारकऱ्यांच्या पायाशी पोचतं, हे पुण्यात फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतून) काही पाणी उचलून बेबी कालव्याने शेतीला देतात, त्यामुळे तिकडच्या उसालाही आपल्या प्लांटशी देणंघेणं आहे.

खराडीत तुमची सोसायटी मोठी असेल तर तिचा स्वतःचा एसटीपी असणार. रात्री अकराला खाली जाऊन ब्लोअरचा आवाज येतो का ऐका. मेंटेनन्स वाचवायला तो बंद ठेवणाऱ्या सोसायट्या मी स्वतः पाहिल्यात. ब्लोअर बंद असला की ती टाकी म्हणजे नुसती सेप्टिक टँक, आणि तिचं पाणी सकाळी कुठल्या नाल्याला लागतं, तेही एकदा सेक्रेटरींना विचारा.