पॅरिटी असलेल्या घरच्या सर्व्हरमध्ये आधी कोणती डिस्क बदलू?

तुमचा बेत असा दिसतोय : अनरेडवर (घरच्या सर्व्हरसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम) ४ टीबीच्या तीन डेटा डिस्क, ४ टीबीची एक पॅरिटी (एखादी डिस्क गेली तर तिचा डेटा परत बनवता यावा म्हणून ठेवलेली हिशेबाची डिस्क), डिस्कचे खण चारच, नव्या ८ टीबीच्या दोन्ही डिस्क डेटासाठी लावायच्या. तसं जमणार नाही. पॅरिटी डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी लागतेच. म्हणजे पहिली ८ टीबी पॅरिटीला जाणार. जिवावर येतं, पण इलाज नाही. तरीही दुसरी ८ टीबी एका डेटा डिस्कच्या जागी लावून १२ चे १६ टीबी होतात.

कशालाही हात लावण्याआधी एक पूर्ण पॅरिटी चेक (सगळ्या डिस्क वाचून पॅरिटी जुळते का ते बघणं) चालवा. रीबिल्ड (बदललेल्या डिस्कचा डेटा बाकीच्यांवरून परत बनवणं) होताना उरलेल्या सगळ्या डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात, आणि वर्षानुवर्षं न वाचलेला कोपरा नेमका तेव्हाच दगा देतो. मी हा चेक आळसापायी टाळला होता. डेटा डिस्क बदलली, रीबिल्ड अर्ध्यावर असताना दुसऱ्याच डिस्कवर न वाचता येणारे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) निघाले. काढलेली जुनी डिस्क पुसली नव्हती म्हणून वाचलो. अनरेडमध्ये प्रत्येक डेटा डिस्कची फाइल सिस्टिम स्वतंत्र असते, त्यामुळे ती वेगळी जोडून फाइली उतरवता आल्या.

स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांपुढचे खराब सेक्टरचे आकडे शून्य आहेत ना, ते बघा. १९९ पुढचा आकडा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष देऊ नका, बहुतेक वेळा साटा केबलच सैल असते. नवी डिस्कही लावण्याआधी एकदा पूर्ण लिहून-वाचून तपासा. कोरी आहे म्हणून धडधाकटच असेल असं नाही.

मग पॅरिटी बदला. सरासरी १५० एमबी प्रतिसेकंद धरली तर ८ टीबीला साधारण १५ तास लागतात. तेवढ्या वेळात सर्व्हरवर काहीही लिहू नका, म्हणजे जुनी पॅरिटी अजून खरी राहते आणि गरज पडली तर परत लावता येते. नवी पॅरिटी बनून तपासून झाली की मगच डेटा डिस्कची पाळी. दोन्ही एकदम बदलायचा मोह आवरा : एका पॅरिटीवर एकच डिस्क परत मिळते.

आणि पॅरिटीला बॅकअप समजत असाल तर थांबा. चुकून उडवलेली फाइल पॅरिटीतूनही त्याच क्षणी जाते. शेवटी ४ टीबीच्या दोन डिस्क मोकळ्या होतील. त्या विकू नका, फोटो आणि कागदपत्रांची प्रत त्यांच्यावर काढून सर्व्हरपासून लांब ठेवा.