तिसऱ्या ‘हिरोज’चं कौतुक फक्त जुन्या आठवणींपोटी होतं का? मालिकेतला कोणता भाग खेळावा?

तिसरा खेळा. आठवणींचा इथे काही संबंध नाही. तुम्ही विचारलंय की ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’ या पाळीपाळीने खेळायच्या संगणकावरच्या खेळाचे पाचवा, सहावा, सातवा भाग दिसायला एवढे देखणे असताना लोक 1999 च्या खेळाला का चिकटून आहेत. माझा एक जुना मित्र भेटला की हाच वाद उकरून काढतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तिसऱ्याचा जीव नकाशावर आहे, लढाई नंतर येते. हिरो, म्हणजे सैन्य घेऊन नकाशावर फिरणारा सरदार, दिवसभरात किती चालणार हे सकाळीच ठरतं, आणि ते ठरतं त्या क्षणी त्याच्याजवळ असलेल्या सगळ्यात संथ प्राण्यावरून (सैन्यातल्या कुठल्याही योद्ध्याला इथे प्राणीच म्हणतात). त्या प्राण्याचा वेग 3 असेल तर चालीचे 1500 गुण मिळतात, 11 किंवा जास्त असेल तर 2000. गवतावर सरळ एका पावलाला 100 जातात, वाळूत आणि बर्फात 150, दलदलीत 175, फरसबंदी रस्त्यावर फक्त 50. आता नेक्रोपोलिस हे मृतांचं शहर घ्या. तिथल्या वॉकिंग डेडचा, म्हणजे चालत्या प्रेतांचा, वेग 3. त्यांना सोबत ठेवून पाळी संपवली की दुसऱ्या दिवशी 1500 वरच भागवायचं. तेच ‘एंड टर्न’ दाबण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या दुय्यम हिरोकडे सोपवले, मुख्य हिरोकडे फक्त वेग 9 चे व्हॅम्पायर लॉर्ड ठेवले, तर सकाळी 1900 हातात येतात. मोजणी झाली की वॉकिंग डेड परत घ्या, दिवसभर काही फरक पडत नाही. गवतावर चार पावलं, रस्त्यावर आठ. एवढ्यात समोरची खाण किंवा शहर आज मिळणार की उद्या, हे ठरतं.

याच गणितातून साखळी येते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी शहरात नवं सैन्य तयार असतं आणि मुख्य हिरो तीन दिवसांच्या वाटेवर पुढे असतो. टॅव्हर्नमधून 2500 सोन्याला एक हिरो घ्यायचा. तो सैन्य घेऊन त्याची चाल संपेपर्यंत जातो, तिथे थांबलेल्या दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि त्याच दिवशी सैन्य आघाडीवर पोचतं. नवख्यांचं गाडं दोन ठिकाणी अडतं. एक म्हणजे, मधल्या हिरोला सकाळीच लाकूड-खनिज गोळा करायला पिटाळतात आणि सैन्य त्याच्यापर्यंत येतं तेव्हा त्याची चाल संपलेली असते. साखळीतल्या हिरोला तोवर हलवायचंच नाही. दुसरं, हिरोजवळ किमान एक प्राणी उरायलाच हवा, शेवटचा देता येत नाही. म्हणून प्रत्येकाकडे एकेक स्वस्त पाइकमन (भालेकरी) किंवा सांगाडा कायम ठेवायचा.

माझा मित्र या सगळ्याला कटकट म्हणतो. मालिका बनवणाऱ्यांनाही बहुधा तसंच वाटलं असावं. चौथ्यात (2002) शहरातून सैन्याचा तांडा आपोआप पाठवता येतो, प्राणी आठवड्याऐवजी रोज थोडेथोडे तयार होतात, हिरोशिवायही सैन्य हिंडतं. सहाव्यात (2011) तर सगळ्या शहरांचे प्राणी कुठल्याही एका शहरातून भरती करता येतात. खेळणाऱ्याचे कष्ट वाचले, पण अंतराला किंमत उरली नाही. सीमेवरचं शहर वाचवायचं की खाण घ्यायची, हा पेच तिसऱ्यात दर आठवड्याला पडतो आणि सहाव्यात जवळपास पडतच नाही. शिवाय सहाव्यात पारा, गंधक आणि रत्नं काढून सोन्याशिवाय फक्त लाकूड, खनिज आणि स्फटिक ठेवले, त्यामुळे खाणींवरून होणारी मारामारीही पातळ झाली. जो भाग ही कटकट काढतो तो मालिकेचा कणा काढतो, असं माझं ठाम मत आहे.

लढाईचं मात्र वेगळं आहे. तिथे पाचवा (2006) पुढे आहे हे मी मान्य करतो. तिसऱ्यात पाळीचा क्रम आणि चालायची घरं, दोन्ही एकाच वेगावर चालतात. पाचव्यात चाल वेगळी आणि इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळी किती लवकर येणार ते, वेगळा, आणि कुणाची पाळी कधी येणार हे खालच्या पट्टीवर दिसतं. तिथला स्लो हा शत्रूला मंदावणारा मंत्र घरं कमी करत नाही, पाळी उशिरा आणतो. तिसऱ्यातला स्लो घरंच कापतो. मैदान 15 घरं रुंद आहे. वेग 4 चे झोंबी (वॉकिंग डेडचीच सुधारलेली आवृत्ती) तुमच्या कोपऱ्यातल्या तिरंदाजांना चौथ्या फेरीत गाठतात. अर्थ मॅजिक अ‍ॅडव्हान्स्ड (म्हणजे हे जादूचं कौशल्य दुसऱ्या पातळीवर) असेल तर स्लोमुळे वेग 2 होतो आणि सातवी फेरी उजाडते. तोवर दहा घरांच्या आत आलेल्यांवर पूर्ण मारा, त्यापलीकडच्यांवर निम्मा. पण स्लो हिरोच्या स्पेल पॉवरइतक्याच (मंत्रशक्तीच्या आकड्याइतक्याच) फेऱ्या टिकतो. पॉवर 1 असलेल्या नाइट या प्रकारच्या हिरोने एकदा टाकून निवांत बसू नये, दर फेरीला नव्याने टाकावा लागतो.

आणखी एक युक्ती लोक अर्धीच शिकतात. शत्रूचा गट एका फेरीत एकदाच उलटा वार करतो, म्हणून आधी एकटा पाइकमन पाठवून तो वार त्याच्यावर घ्यायचा आणि मग मोठा गट घालायचा. ग्रिफिन या गरुडमुखी सिंहांसमोर हे चालत नाही, ते दोनदा उलटतात. रॉयल ग्रिफिन तर कितीही वेळा. त्यांना लांबूनच मारा.

चौथ्याला लोक उगाच शिव्या घालतात. हिरो स्वतः मैदानात उतरतो, वार-प्रतिवार एकाच वेळी होतात, वरच्या तीन स्तरांवर दोनपैकी एकच प्राणी निवडावा लागतो. कल्पना उत्तम आहेत. प्रतिस्पर्धी म्हणून संगणकाला मात्र तो खेळ खेळता येत नाही, तिथेच तो मेला. पुढच्याच वर्षी मालिका काढणारी थ्रीडीओ कंपनी बुडाली आणि युबीसॉफ्टने हक्क 13 लाख डॉलरला घेतले. सातवा (2015) कच्चा असतानाच बाजारात आला, त्यावर वेळ घालवू नका.

आता विकत काय घ्यायचं. गॉग या ऑनलाइन दुकानातलं ‘हिरोज थ्री कम्प्लीट’ घ्या. 2015 ची एचडी आवृत्ती घेऊ नका. आर्मागेडन्स ब्लेड आणि शॅडो ऑफ डेथ ही दोन्ही विस्तारं तिच्यात नाहीत, आणि चाहत्यांनी बनवलेलं हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस तिच्यावर चढत नाही. कम्प्लीट बसवा, एकदा उघडून चालतंय ना बघा, मग त्याच फोल्डरमध्ये हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस टाका. कोव्ह आणि फॅक्टरी ही नवी शहरं मिळतील, आणि मेलेल्या शत्रूंमधून सांगाडे उठवणारी एक्सपर्ट नेक्रोमन्सी 30 टक्क्यांवरून 15 वर आल्यामुळे सांगाड्यांचा महापूरही आटोक्यात येतो.

हे सगळं मध्यम आकाराच्या नकाशाला धरून सांगितलं. एक्स्ट्रा लार्ज नकाशावर आठ हिरोंची साखळी रोज हलवणं खरोखर जिवावर येतं, तिथे मित्राचं म्हणणं मला पटतं. त्यातून अ‍ॅडव्हान्स्ड किंवा एक्सपर्ट अर्थ मॅजिकसह टाउन पोर्टल हा मंत्र मिळाला की हव्या त्या शहरात उडी मारता येते आणि साखळीचं अर्धं काम तिथेच संपतं. आठ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं असेल तर दुसऱ्यापासून सुरुवात करा, त्यात शहरं सहाच आहेत. आणि तुम्हाला फक्त लढायाच आवडत असतील, तर पाचव्याचं ‘ट्राइब्स ऑफ द ईस्ट’ घ्या. ते मूळ खेळाशिवाय स्वतंत्र चालतं. त्यात संगणकाची पाळी मोठ्या नकाशावर फार रेंगाळते, म्हणून छोटा नकाशा आणि दोनच प्रतिस्पर्धी ठेवा.