पोटात गोळा आला, पण चाल तीच

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. एकसमान वर्तुळाकार गतीत चाल बदलत नाही, हे तिने वाचलंय. गावच्या जत्रेत आकाशपाळण्यात बसल्यावर ती म्हणाली, "वर हलकं वाटतं, खाली जड. म्हणजे ही गती एकसमान नाही." मला काही सांगता येईना. – एक आई, मिरज

उत्तर : ताई, आधी पोरीला शाबासकी द्या. उत्तर चुकलंय, पण पोटाला जे जाणवलं ते ती पुस्तकाशी ताडून बघतेय.

पाळणा भरून लयीत आला की त्याची गती एकसमानच. समजा, बैठक आसापासून, म्हणजे पाळणा ज्याभोवती फिरतो त्या मधल्या दांड्यापासून, 8 मीटरवर आहे आणि फेरीला 20 सेकंद लागतात. चाल झाली सेकंदाला अडीच मीटर. वर तेवढीच, खाली तेवढीच. दिशा मात्र क्षणोक्षणी वळते, म्हणून वेग (विज्ञानात वेग म्हणजे चाल आणि दिशा मिळून) बदलतो, आणि वेग बदलला की त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, आलंच. ते कायम आसाकडे असतं. इथे ते गुरुत्व त्वरणाच्या (खाली पडणाऱ्या वस्तूच्या त्वरणाच्या) साधारण 8 टक्के. माथ्यावर आस आपल्या खाली असतो. तिथे वजनाचाच थोडा भाग आपल्याला वळवण्यात खर्ची पडतो आणि बैठक कमी रेटते. तळाला उलट : बैठकीने वजन पेलायचं आणि वर वळवायचंही. 50 किलोच्या माणसाला आपलं वजन माथ्यावर 46 किलो वाटेल, तळाला 54. बदलला तो बैठकीचा रेटा.

चाल खरोखर बदलते ती दुधाच्या किटलीत. लहानपणी दूध आणताना मी ती खांद्यातून गरागरा फिरवायचो, थेंब सांडायचा नाही. एकदा समोरून मास्तर आले, हात माथ्यावर कचरला आणि अर्धा लिटर दूध सदऱ्यावर! (घरी काय झालं ते विचारू नका.) चढताना गुरुत्व किटलीला मागे ओढतं, उतरताना पुढे ढकलतं. खांद्यापासून दूध 90 सेंटिमीटरवर असेल तर माथ्यावर सेकंदाला सुमारे 3 मीटर चाल हवीच. हाताने वेगळा जोर दिला नाही, तर तीच किटली तळाला साडेसहा मीटरच्या पुढे जाते, आणि 3 किलोची किटली हाताला 18 किलोची लागते. ही असमान वर्तुळाकार गती.

मग पाळण्याला गुरुत्व ओढत नाही का? ओढतं की. पण एक बैठक चढते तेव्हा समोरची उतरत असते. हिशेब जुळतो, उरलेलं मोटर सांभाळते. पाळणेवाला माणसं समोरासमोर बसवत जातो ते उगाच नाही. माणसं चढवताना पाळणा थांबत-थांबत फिरतो, तेवढ्यापुरतं लेकीचं म्हणणं बरोबर.

पुढच्या जत्रेत तिला मोबाइलवर वेळ मोजायला सांगा. चढायला किती आणि उतरायला किती, असं मात्र मोजू नका; ते किटलीचंही सारखंच भरेल. आसाच्या उंचीपासून वरची अर्धी फेरी किती सेकंदांची आणि खालची किती, ते मोजा; पाळण्याची दोन्ही सारखी भरतील, किटलीची नाही.